दयारामशेठच्या लपवायच्या जागा

दयारामशेठ घरत उजव्या अंगाला किंचित कलून चालतात. नवख्या माणसाला वाटतं, गुडघा गेला असावा. आळीतल्यांना ठाऊक आहे, गुडघा ठणठणीत आहे. कलतंय ते कमरेचं रिव्हॉल्वर. गंमत म्हणजे निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हाही शेठ तसेच कलून चालतात. कमरेला काही नाही, पण हात मात्र तिथेच घुटमळतो. नुकताच दात काढलेल्या माणसाची जीभ खड्ड्यात जाते ना, तसा. निकाल लागेपर्यंत त्यांचं जेवणात लक्ष नसतं. भामाबाय म्हणते, "सवत माहेरी गेलीय, आता चार दिस मना सुख."

भामाबाय म्हणजे शेठची बायको, आणि सवत म्हणजे ते रिव्हॉल्वर. नाव तिनंच ठेवलंय. "माझ्या दुखन्याला कवा उठला नाय, पन तिला तेल लावाला पाटं उठतंय," हे ती हळदीकुंकवाला आलेल्या बायांना सांगते, आणि मग ते पनवेलभर होतं.

शेठ जन्माने शेठ नव्हते. बाप काशीराम मिठागरात राबला. दयारामची शाळा एक दिवस सुटली ती कायमचीच सुटली, आणि तोही मिठाच्या पाण्यात उतरला. पायांना चिरा, चिरांत मीठ, आणि वर मुकादमाच्या शिव्या. मग जमीन विमानतळात गेली. मोबदला आला, गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डर आला आणि बिल्डरामागून शेठपण आलं. माणूस तोच, फक्त नावाला शेपूट फुटलं. गळ्यात साखळी, मनगटात कडं, दारात पांढरी गाडी, पनवेलात तीन मजली बंगला, आणि बंगल्याच्या गच्चीवर सिमेंटचा गरुड. गरुड का, हे गवंड्यालाही कळलेलं नाही.

एवढं होऊनही हळदीत मात्र पंचाईत व्हायची. लग्नापेक्षा हळद मोठी, हे इकडे सांगायला नको. डीजे लागतो, माणसं नाचतात, नाचताना हात वर जातात, हातांबरोबर शर्ट वर जातो, आणि शर्ट वर गेला की कुणाच्या कमरेला काय आहे ते साऱ्या मांडवाला दिसतं. ज्याच्या कमरेला पिस्तूल, त्याच्या भोवती पोरं गोल करतात. दयारामशेठचा शर्ट वर गेला की दिसायचा तो नाडा. एका हळदीत कुणीतरी त्या नाड्याचा व्हिडिओ काढला आणि त्याला गाणं लावलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठनी परवान्याचा अर्ज केला. कारण लिहिलं: जीवितास धोका. धोका कुणापासून, तर एका चुलतभावाने बांधावरून "तुला बघून घेईन" म्हटलं होतं. हे वाक्य भाऊबंदांत "चा घेतलास काय"च्या खालोखाल बोललं जातं. पण परवाना देणारे साहेब बाहेरगावचे होते, घाबरले असावेत.

तर सवत घरात आली. आता तिला ठेवायची कुठे?

घरात लोखंडी कपाट होतं, कपाटाला आतला खण होता, खणाला किल्ली होती, आणि ती किल्ली देवाच्या तसबिरीमागच्या खिळ्याला होती. पनवेलात ज्या घरात किल्ली तसबिरीमागे नाही ते घर भाड्याचं समजावं. शेठना हे पटत नव्हतं. "चोर आला का पयला कपाटाला हात घालनार," ते म्हणत. "म्हनून कपाटात ठेवाची नाय. लपवाची. अशी लपवाची का यमाला पन घावनार नाय."

आणि ते लपवू लागले. आधी तांदळाच्या पिंपात. तिथे भामाबायचं माप तिच्यावर आपटलं आणि शेठना दोन दिवस सवतीच्या हातचं जेवा म्हणून ऐकावं लागलं. मग बंद पडलेल्या वॉशिंग मशीनमध्ये. मग गणपतीच्या मखराच्या खोक्यात, थर्माकोलच्या खांबांमध्ये. मग भामाबायच्या न नेसलेल्या भारी साड्यांखाली. दर आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलायची, आणि बदलताना घरभर चवड्यांवर चालायचं. तीन मजली घरात ऐंशी किलोचा माणूस चवड्यांवर चालला की खालच्या दुकानातला न्हावी वर बघायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "शेठनी जागा बदलली."

आणि हो, भरलेली. कायम भरलेली. "रिकामी बंदूक म्हंजे लाटनं," हे शेठचं तत्त्वज्ञान. त्यांच्या डोक्यातला चोर सहा फुटी होता, तोंड बांधलेला, मिशा असलेला. त्याच्यासाठी सगळी तयारी होती.

आता या घरातल्या खऱ्या मालकिणीची ओळख करून द्यायला हवी. तिचं नाव रिया, वय वर्षं पाच, वेण्या दोन, पुढचा दात गायब. शेठचा मुलगा प्रितेश आणि सून अनुया उलव्याला फ्लॅट घेऊन राहतात, तिथली ही. शनिवार-रविवार आबांकडे. ती आली की दयारामशेठ शेठ राहत नाहीत. घोडा होतात, बस होतात, एकदा तर नवरी झाले होते, आणि त्या अवतारात वीजबिलवाल्याला दार उघडलं होतं. सोमवारी सकाळी प्रितेशची गाडी वळली की शेठ गॅलरीत उभे राहून उगाच गरुडाकडे बघतात.

यंदाच्या दसऱ्याला तिघं उलव्याहून आली. हॉलमध्ये पाटावर लाल कापड घालून पूजा मांडलेली. काशीरामाचं मीठ ओढायचं लाकडी फावडं, कोयता, गाडीची किल्ली, प्रितेशचा लॅपटॉप, आणि सगळ्यांच्या मधोमध झेंडूच्या माळेत सवत. हळद-कुंकू लावलेली, वर अक्षता. फावडं बिचारं कडेला, निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखं.

अनुयाने नमस्कार केला आणि डोळे पाटावरून काढलेच नाहीत. ती पनवेलातल्याच एका शिक्षकांची मुलगी. आवाज कधी चढवत नाही, आणि म्हणूनच शेठ तिला जरा वचकून असतात.

"आबा, एक बातमी आहे," ती म्हणाली. "मला विमानतळावर नोकरी लागली. दिवाळीनंतर जॉइन व्हायचंय. शिफ्ट असेल. रियाचं काय करायचं ते ठरवायला आलोय. उलव्यात एक पाळणाघर बघितलंय..."

"पालनाघर?" शेठ उडालेच. "आजा-आजी मेलीत काय तिची? आनि पैसं देऊन पोर दुसऱ्याकडं? भामा, आयकलंस काय!"

"आयकलं. माझं कान शाबूत हायेत," भामाबाय पुरणाच्या हाताने बाहेर आली. "पोर हितं र्‍हाईल. शाला पन हितलीच बघू."

शेठच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू दिवाळीच आधी आली. सोमवार नाही, गॅलरी नाही, रोज घोडा! त्यांनी रियासाठी कुठल्या खोलीला कुठला रंग लावायचा इथपर्यंत मजल मारली होती.

"मलाही इथेच आवडेल," अनुया म्हणाली. "पण आबा, ते घरात असताना नाही." तिने पाटाकडे बोट केलं नाही, नुसती मान हलवली. "निदान ते नीट कुलपात असल्याशिवाय तरी नाही. गोळ्या वेगळ्या, किल्ली फक्त तुमच्याकडे. आणि आत्ता ते तिथून उचला, प्लीज. पोरगी इथेच खेळतेय."

"सुनबाय, पूजेची वस्तू हाय ती. संध्याकाली सोनं वाटून झाल्याबिगर हलवाची नाय. रीत हाय."

"भरलेलं आहे?"

शेठना प्रश्नच कळला नाही. "मंग? रिकाम्या हत्याराची पूजा करतंय काय कोन? अपशकुन!"

प्रितेशने कपाळावर हात मारला. "बाबा, तुमचं म्हणजे..."

"तू गप. बायकोचा वकील." शेठ खुर्चीत मागे रेलले. "आनि एरवीचं म्हनाल, तर मी अशी लपवतंय का घरातल्या मानसाला ठाव नाय. भामालासुदा नाय. पोरीला तर नायच नाय. लेकराला काय कलतंय त्यातलं?"

अनुयाने हाक मारली. "रिया, इकडे ये. आबांची ही बंदूक एरवी कुठे असते गं?"

रिया झेंडूच्या पाकळ्या नाकाला लावत होती. तिने आबांकडे बघितलं, आणि डोळे मिचकावले. "सांगू?"

"सांग की बाय," शेठ खूश होऊन म्हणाले. "सांग मंमीला, ठाव नाय म्हनून."

"आधी तांदळात होती. मग मशीनमध्ये. मग गणपतीच्या खोक्यात. आता आजीच्या साड्यांखाली असते, हिरव्या साडीच्या." तिने एका दमात सांगितलं आणि टाळी वाजवली. "मला दर वेळी सापडते. आबा लपवतात आणि मी शोधते. आमचा खेळ आहे. आबा, हिरव्या साडीखाली खूप सोप्पं होतं हं! पुढच्या वेळी कठीण लपवा."



"खेल?" शेठच्या तोंडून निघालं. "कसला खेल? मी कवा खेललंय?"

"असं काय हो आबा! तुम्ही असे चालता ना..." आणि रियाने चवड्यांवर चालून दाखवलं, पोट पुढे काढून, हात पाठीमागे. इतकं हुबेहूब की प्रितेश हसला, आणि अनुयाकडे बघून थांबला.

अनुयाने आवाज तसाच ठेवला. कसा ठेवला, तिलाच माहीत. "आणि सापडली की काय करतेस?"

"काही नाही. परत ठेवते. नाहीतर आबांना कळेल ना." रिया पाकळी चावत होती. "एकदा फक्त ठो केलं. पण झालंच नाही. ते घट्ट आहे. मी दोन्ही बोटांनी दाबलं तरी होत नाही."

"कुणाला ठो केलं?"

"आबांना. आबा झोपले होते. जेवून."

दयारामशेठना दुपारच्या जेवणानंतर हॉलमधल्या दिवाणावर उताणं झोपायची सवय आहे. तोंड उघडं, पोट वर-खाली, अंगावर वर्तमानपत्र. आपण झोपलेलो, आणि दोन वेण्या शेजारी उभ्या, दोन्ही हातांत ते जड धूड, जीभ बाहेर काढून जोर लावतायत: हे चित्र त्यांना दिसलं. पुढचंही दिसलं. आपलं नव्हे. आपण मेलो असतो ते बाजूला. आपण मेल्यावर ही पोर दिवाणाशेजारी उभी राहून आपल्याला उठवत बसली असती, ते दिसलं. आणि मग तिने नळी स्वतःकडे वळवून बघितलं असतं, आत काय अडकलंय म्हणून.

शेठ उठले. पाटाकडे गेले. भामाबायच्या तोंडून "अवो, रीत..." एवढं निघालं आणि तिनेच ते गिळलं. अजून सोनं वाटलेलं नव्हतं, आरती व्हायची होती. शेठनी झेंडूची माळ ओरबाडून काढली, सवत उचलली, भिंतीकडे तोंड केलं आणि गोळ्या बाहेर काढल्या. घाईत एक गोळी फरशीवर पडून सोफ्याखाली गेली. शेठपण आल्यापासून नातीचा घोडा होण्याखेरीज कधी न वाकलेले शेठ पोटावर पडून ती शोधत होते. गोळी कुंकवाने लाल झाली होती. ती पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही.

"आबा, मी शोधू? मी लगेच शोधते," रिया म्हणाली.

"नको!" शेठ ओरडले. रियावर ते ओरडले असा हा पहिलाच प्रसंग. तिचा ओठ बाहेर आला. शेठ सोफ्याखालून अर्धे बाहेर, डोक्याला जळमटं, आणि त्यांचाही ओठ बाहेर आलेला. आजा-नातीत कोण आधी रडलं यावर घरात अजून दोन मतं आहेत.

त्या दिवशी सोनं वाटलं. अनुयाने निघताना एवढंच म्हटलं, "आबा, माझी अट तुम्हाला कळली. दिवाळीपर्यंत बघा. नाहीतर मी पाळणाघरात नाव घालते. मला राग नाही आलेला. मला भीती वाटते." शेठना तिने ओरडलेलं चाललं असतं.

दुसऱ्याच दिवशी ज्या दुकानातून सवत आणली होती तिथे शेठनी तिला रीतसर ठेवायला दिलं. आणि भिंतीत बसवायची पोलादी पेटी मागवली, आकड्यांचं कुलूप असलेली. गवंडी भिंत फोडत होता तेव्हा अर्धी आळी बघायला जमली होती. न्हावी तर गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण तसाच ठेवून आला. "शेठ, सोनं केवढं आलं हो?" "सोनं नाय," शेठ म्हणाले, "अक्कल ठेवाची हाय." असं ते म्हणाले की नाही याची खात्री नाही, पण न्हावी तसं सांगतो.

पेटी बसली. रिकामीच होती, म्हणून बरं. शनिवारी अनुया तपासायला आली. तिने रियालाच पुढे केलं. "उघडून दाखव."

रियाने आबांच्या गाडीचा नंबर दाबला. पेटी उघडली.

"तुना कसा ठाव गो?" शेठचा जबडा खाली.

"तुमच्या मोबाइलचा पण तोच आहे. मी कार्टून बघते ना."

शेठनी आकडा बदलला. रियाने स्वतःचा वाढदिवस दाबला. पेटी उघडली. पुन्हा बदलला. तिने आजीचा वाढदिवस विचारला. भामाबाय म्हणाली, "तो त्याला ठाव नाय, तो नसनार," आणि ते खरं निघालं. पण बंगल्याचा नंबर चालला. शेठ घामाघूम. प्रितेश म्हणाला, "बाबा, बँकेचा पिन कोणता आहे तुमचा?" सोमवारी सकाळी शेठ बँकेत दिसले.

शेवटी त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि एकट्यानेच आकडा घातला. रियाने मग सगळं करून बघितलं, आणि पेटी चुकीच्या आकड्याला कोकलते तशी कोकलत राहिली. शेजारचा कुत्रा साथ द्यायला लागला. तो आकडा कोणता, हे आळीत कुणालाही ठाऊक नाही. आळीत कुणालाही ठाऊक नसलेली ही पनवेलातली पहिलीच गोष्ट. गोळ्या वेगळ्या, कपाटाच्या आतल्या खणात. आणि खणाची किल्ली तसबिरीमागून निघून शेठच्या करगोट्याला आली. अंघोळीलासुद्धा तिथेच.

"आणखी एक," अनुया म्हणाली. "रिया घरात असताना पेटी उघडायची नाही. काढताना नाही, ठेवताना नाही, पुसताना नाही. बघितलं की शिकते ती."

"कबूल," शेठ म्हणाले. पोर मिळतेय म्हटल्यावर त्यांनी गरुडसुद्धा लिहून दिला असता. आपण काय कबूल केलं ते त्यांना तेव्हा उमगलंच नाही. रिया आता रोजच घरात असणार होती.

ते उमगलं भावेशच्या भावाच्या हळदीला. भावेश म्हणजे आपटा गावचा, शेठचा दूरचा पुतण्या. मोठी हळद, तीन गावं लोटणार. सवत दुकानातून केव्हाच पेटीत आली होती, आणि दिवाळीनंतर रियाही आबांकडे राहायला आली होती. शेठ अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून पेटीसमोर उभे राहिले, आणि मागे वळून बघतात तर रिया. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. बोटांच्या फटी एवढ्या, की त्यातून म्हैस जाईल.

"आबा, दाबा तुम्ही. मी बघत नाही."

अनुयाची शिफ्ट लांबली होती. भामाबाय दारातून बघत होती. "मी नेऊ काय तिला जरा खाली? तवर काडून घ्या तुमची सवत," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. तिलाही ठाऊक होतं, नाड्याचा तो व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाइलमध्ये आहे.

शेठनी पेटीकडे बघितलं. हात कमरेकडे गेला, करगोट्याच्या किल्लीवर थांबला. खाली नेलं तर पोर घरात नाही, असं म्हणता आलं असतं. कायद्यात बसत होतं. "रातीला परत ठेवाची कवा मंग?" ते पुटपुटले. "झोपली का? आनि जागी झाली तर?" मग मोठ्याने म्हणाले, "जल्लं ते. चल गो, तू पन चल हलदीला. नाचाला येतंय ना?" आणि अनुयाला फोन करून त्यांनी परवानगी काढली. सासरा सुनेची परवानगी काढतोय, हेही त्या संध्याकाळी पनवेलभर झालं.

हळदीत रिया खांद्यावर. तिला धरायला दोन्ही हात वर, म्हणजे शर्टही वर, म्हणजे सगळ्या मांडवाला दिसलं.

"शेठ! कमरंला कायच नाय?" भावेश नाचत जवळ आला. त्याच्या कमरेला होतं. "का इकली काय?"

"घरी हाय."

"घरी ठेवून काय आंडी घालनार हाय ती?" पोरं खिदळली.

दयारामशेठ हसले नाहीत. त्यांनी रियाला खाली उतरवलं, भावेशच्या कानाशी तोंड नेलं, कारण डीजे चालू होता, आणि ओरडले, "तू तुझी कुठं ठेवतंस रं? घरी?"

"कपाटावर!" भावेशही ओरडला. "एकदम वर. माझ्या प्राचीचा पन हात पोचत नाय, पोरांचा काय पोचतोय!" भावेशला दोन मुलं, एक पहिलीत, एक त्याहून लहान.

नेमकं त्याच वेळी गाणं संपलं. रिया भावेशच्या कमरेकडे डोळे बारीक करून बघत होती, एखादा जुना कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तशी.

"काका," तिने विचारलं, "तुमच्याकडे स्टूल आहे का?"

प्राची, भावेशची बायको, शेजारीच हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिने रियाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या कमरेकडे. वाटी तिने दुसऱ्या बाईच्या हातात दिली. "जरा बाजूला या," ती भावेशला म्हणाली, आणि त्याला मांडवाच्या मागे घेऊन गेली. तो बराच वेळ परत आला नाही. डीजेने नवं गाणं लावलं, आणि दयारामशेठ नाडा दिसत असतानाही नाचले.